शुक्रवारी रात्री निघून सोमवारी पहाटे घरी: नागपूर–हैदराबाद सामूहिक बस सहल कशी आखावी

थंडी पडली की नागपुरातल्या सोसायट्या, भिशी मंडळं, ऑफिसचे ग्रुप आणि हास्यक्लब हैदराबादचा बेत करतात. अंतर सुमारे पाचशे किलोमीटर, रस्ता सरळ, एका रात्रीत पोचता येतं. बेत सोपा वाटतो, म्हणूनच तो घाईत आखला जातो. आधी बघायच्या ठिकाणांची लांबलचक यादी होते, मग सगळ्यात स्वस्त बस ठरते, आणि गाडी चालवणारा माणूस कधी झोपणार हे कुणीच विचारत नाही. मग शनिवारी दुपारी निम्मे लोक बसमध्येच पेंगतात. रविवारी रात्री तीन वाजता चालकही पेंगत असतो आणि मागे चाळीस माणसं गाढ झोपलेली असतात.

क्रम असा हवा: आधी चालकाची झोप पक्की करा, मग ग्रुपमध्ये सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाचा वेग धरा, आणि उरलेल्या वेळात बसतील तेवढीच ठिकाणं घ्या. पुढचे सगळे टप्पे याच क्रमाने दिले आहेत. मधला एखादा गाळून पुढे गेलात तर परत मागे यावंच लागेल.

टप्पा १: तारीख आणि माणसं (सहा आठवडे आधी)

नोव्हेंबर ते फेब्रुवारीमधला साधा शनिवार-रविवार निवडा. जोडून सुट्टी आली की हॉटेल, बस आणि रस्ता तिन्ही महाग पडतात. एक तारीख मात्र कटाक्षाने टाळा: संक्रांतीच्या आसपासचा शनिवार-रविवार. त्या दिवसांत हैदराबादहून आंध्रातल्या गावांकडे जाणाऱ्या गाड्यांनी विजयवाडा महामार्ग भरून वाहतो, आणि रामोजी फिल्म सिटी त्याच महामार्गावर आहे. १ जानेवारीपासून नामपल्लीला भरणारं नुमाइश प्रदर्शनही फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतं. ते पाहायचंच असेल तर उत्तम, नसेल तर त्या भागातलं हॉटेल घेऊ नका.

आता माणसं. "येतो" म्हणणारा आणि पैसे भरणारा हे दोन वेगळे लोक असतात. ग्रुपवर अंगठा दाखवलेल्यांची संख्या धरून बस ठरवू नका. तारीख जाहीर करा, इसाराची रक्कम सांगा, दहा दिवसांची मुदत द्या आणि मुदतीनंतर ज्यांचे पैसे आले तेवढीच माणसं मोजा.

नाव नोंदवताना प्रत्येकाकडून एवढं घ्या: आधारवर आहे तसं पूर्ण नाव, वय, घरच्या एका माणसाचा नंबर, चालू औषधं, बस लागते का, आणि पायऱ्या चढता येतात का. शेवटचा प्रश्न लोक लाजून टाळतात, म्हणून तो फोनवर विचारा. शनिवारचा कार्यक्रम त्याच उत्तरावर ठरणार आहे.

> तपासा: साठीच्या वर किती जण? पाच वर्षांखालची मुलं किती? हे दोन आकडे हातात नसतील तर पुढच्या टप्प्याला हात घालू नका.

टप्पा २: वेळापत्रक, आणि त्यात सगळ्यात वर चालकाची झोप

बसला ताशी ८० किलोमीटरचा वेगनियंत्रक असतो. टोलनाके, चहा, स्वच्छतागृहाचे थांबे धरले की रात्रीची सरासरी पन्नास-पंचावन्नच्या वर जात नाही. म्हणजे पाचशे किलोमीटरला नऊ ते दहा तास. "आठ तासांत पोचवतो" असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर त्याची गाडी घेऊ नका.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटर परिवहन कामगार अधिनियम, १९६१ ने चालकाच्या कामाचे तास दिवसाला ८ ठरवले होते, आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. दिवसाला ८ तासांची मर्यादा आताच्या कामगार संहितेतही आहे. दहा तासांचा रात्रीचा रस्ता एका चालकावर टाकणं कायद्यातही बसत नाही आणि माणसाच्या शरीरातही नाही. दोन चालक हवेतच. तेवढ्याने भागत नाही, कारण दुसरा चालक रात्रभर हलत्या गाडीत पडून असतो, ती झोप खरी नव्हे. म्हणून शनिवारी दिवसभर बस जागची हलवायची नाही.

यावर हमखास आक्षेप येतो: "बसचे पैसे भरलेत, मग शहरात रिक्षाने का फिरायचं?" कारण रात्रभर गाडी चालवलेल्या माणसाला सकाळी दहाला पुन्हा गर्दीत स्टिअरिंगवर बसवलं, तर त्याची किंमत रविवारी रात्री परतीच्या रस्त्यावर मोजावी लागते. शिवाय चाळीस आसनी बस चारमिनारजवळ पोचत नाहीच. ती लांब कुठेतरी उभी करून पुन्हा रिक्षाच करावी लागते.

चालणारं वेळापत्रक असं:

१. शुक्रवार रात्री ९.३० – नागपुरातला शेवटचा पिकअप सोडायचा.
२. शनिवार सकाळी ७.३० ते ८ – सिकंदराबादला हॉटेल.
३. शनिवार दिवसभर – बस उभी, चालक झोपलेले. आपण मेट्रो आणि रिक्षाने फिरायचं.
४. रविवार सकाळी ८ – सामानासकट हॉटेल सोडून रामोजी फिल्म सिटी. बस तिथल्या पार्किंगला, चालकांना दुपारची झोप.
५. रविवार संध्याकाळी ७.३० – जेवून थेट नागपूर.
६. सोमवार पहाटे ६ च्या सुमारास – वर्धा रोड.

रामोजी रविवारीच ठेवण्याला कारण आहे. ती जागा शहराच्या पूर्वेला, बाहेर आहे. तिथून निघून पेद्दा अंबरपेटला बाह्य वर्तुळाकार रस्त्यावर चढलं की मेडचलच्या बाजूने आपल्या ४४ क्रमांकाच्या महामार्गावर येता येतं, शहरात पाऊल टाकावं लागत नाही. शनिवारी रामोजी आणि रविवारी चारमिनार केलं तर रविवार संध्याकाळची अख्ख्या शहराची गर्दी चिरून बाहेर पडावं लागतं आणि निघायला रात्रीचे दहा वाजतात.

शुक्रवारी रजा काढून आधीच जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: सालारजंग संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. सोमवार जोडून घेणार असाल तर नेहरू प्राणिसंग्रहालय सोमवारी बंद.

> सावधान: शनिवारच्या रात्री "जरा बसने टँकबंडला चक्कर मारू" ही मागणी नक्की येईल. टँकबंड म्हणजे हुसेनसागर तलावाचा काठ, तो रिक्षाने बघा. बसची किल्ली मागू नका.

टप्पा ३: बस ठरवणे

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या लक्षात येतात तेव्हा आपण सीमेवर उभे असतो.

*पाटी आणि परमिट.* भाड्याने प्रवासी नेणाऱ्या गाडीची नंबर पाटी पिवळी असते, त्यावर काळी अक्षरं. ओळखीतल्या शाळेची बस स्वस्तात मिळते म्हणून घेणारे ग्रुप आहेत. तिचं परमिट शाळेच्या कामापुरतं असतं. अपघात झाला तर विम्याचा प्रश्न उभा राहतो, आणि राज्याबाहेर तर ती नेताच येत नाही. पिवळ्या पाटीची गाडी असली तरी परमिट कुठलं हे विचारा. तेलंगणात जायला ऑल इंडिया टुरिस्ट परमिट लागतं. नुसतं महाराष्ट्रापुरतं परमिट असलेली गाडी रात्री एक-दोनच्या सुमारास पिंपळखुटीला किंवा पैनगंगेपलीकडे अडली, की वाटाघाटी चालू राहतात आणि चाळीस माणसं अंधारात गाडीत बसून राहतात. "बॉर्डरवर बघून घेऊ" हे उत्तर ज्याने दिलं, त्याला नमस्कार करून निघा.

*कागद.* गाडीचा क्रमांक मागा आणि एमपरिवहन अ‍ॅपवर टाका. फिटनेस, विमा आणि पीयूसीची मुदत तिथे दिसते. या मुदती प्रवासाच्या तारखेला चालू असायला हव्यात. आज चालू असून भागत नाही, महिनाभरात बरंच काही संपतं. आरसीवरची (नोंदणी प्रमाणपत्रावरची) आसनसंख्या लिहून घ्या. तेवढीच माणसं, लहान मुलं धरून. "पोरं मांडीवर बसतील" हा हिशोब दहा तासांच्या रस्त्याला लागू करू नका.

*गाडी डोळ्यांनी पाहणे.* फोटोवर ठरवू नका, दोघं जाऊन प्रत्यक्ष बघा. काय बघायचं ते सांगतो. संकटकालीन दार स्वतः उघडून बघा, कारण अनेक गाड्यांत त्याच्यासमोर जादा सीट ठोकलेली असते किंवा कडी गंजलेली असते. काच फोडायच्या हातोड्या जागेवर आहेत का? अग्निशामकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का? टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात: ३२२३ म्हणजे २०२३ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी झिजलेली किंवा टायर फार जुना असेल तर बदलून मागा. एसी अर्धा तास चालू ठेवून मागच्या रांगेत बसा, हवा तिथवर येते का ते कळेल.

ही तपासणी वाजवीपेक्षा जास्त आहे असं कुणाला वाटत असेल, तर १ जुलै २०२३ ची पहाट आठवा. नागपूरहून पुण्याला निघालेली ट्रॅव्हल्स समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ दाराच्या बाजूवर उलटली, पेटली, आणि २५ माणसं गेली. वाचलेल्यांपैकी काही जण काच फोडून बाहेर आले होते. आपल्या शहरातून निघालेली गाडी होती ती. संकटकालीन दार उघडून बघायला दोन मिनिटं लागतात.

*सीटर की स्लीपर?* माझं मत टू बाय टू पुश-बॅक सीटरच्या बाजूने आहे. स्लीपरमध्ये झोप बरी लागते हे खरं, पण माणसं कमी मावतात, वरच्या बर्थवर ज्येष्ठांना चढता येत नाही, आणि अंधारात अरुंद बोळातून सगळ्यांना पटकन बाहेर काढणं अवघड जातं. पंधरा-सोळा जणच असाल तर टेम्पो ट्रॅव्हलर चालेल. मात्र तिच्यातही चालक दोनच हवेत, इथे बरेच ग्रुप सूट घेतात.

*भाड्याची बोलणी.* पुढचे प्रश्न तोंडी विचारून थांबू नका, उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या:

– दर किलोमीटरला किती, आणि किलोमीटर गॅरेजपासून गॅरेजपर्यंत मोजणार का?
– दिवसाला किमान किती किलोमीटर धरता?
– दिवस कसा मोजता: चोवीस तासांचा की तारखेचा?
– टोल, परमिट, पार्किंग, दोन्ही चालकांचा भत्ता, जीएसटी धरून की सोडून?
– गाडी वाटेत बंद पडली तर पर्यायी गाडी किती वेळात?

तिसऱ्या प्रश्नात भल्याभल्यांची गफलत होते. शुक्रवारी रात्री ९.३० ला निघून सोमवारी पहाटे ६ ला परतलात तर तुमच्या लेखी अडीच दिवस, पण तारखा चार. दिवसाला किमान ३०० किलोमीटर आणि तारखेचा दिवस धरला, तर गाडी प्रत्यक्षात अकराशे किलोमीटर चालली तरी बिल बाराशेचं होतं.

> तपासा: ठरवलेल्या गाडीचा क्रमांक करारात लिहिलाय का? "तशीच गाडी देऊ" म्हणजे ऐनवेळी दुसरी गाडी. बदललेली गाडी नाकारायचा हक्क लिहून घ्या.

टप्पा ४: माणशी वर्गणी काढणे

हिशोब समजावा म्हणून दर ६० रुपये किलोमीटर धरू. बाराशे किलोमीटरचे ७२,००० रुपये. टोल, भत्ता, पार्किंग मिळून समजा १२,०००. एकूण ८४,०००. चाळीस सीट आहेत म्हणून चाळीसने भागलं तर माणशी २,१०० येतात, आणि आयोजकाच्या खिशाला इथेच भोक पडतं. शेवटच्या आठवड्यात पाच-सहा जण गळतातच: कुणाच्या घरी आजारपण, कुणाला ऑफिस सोडत नाही. म्हणून चौतीसने भागा. २,४७० होतात, २,५०० सांगा. सगळे आले तर उरलेले परत द्या. परत मिळालेल्या चारशे रुपयांचा आनंद होतो, जादा मागितलेल्या चारशेवरून महिनाभर कुरबूर चालते.

हॉटेल, तिकिटं आणि जेवण यांचे आकडे वेगळे लिहा, सगळं एका रकमेत कोंबू नका. वर दहा टक्के राखीव.

रद्द करण्याचा नियम पैसे घ्यायच्या आधीच ग्रुपवर टाका. सरळ नियम असा: पंधरा दिवस आधी कळवलं तर इसार वजा करून बाकी परत, त्यानंतर बसचे पैसे मिळणार नाहीत, मात्र बदली माणूस दिला तर चालेल. नियम आधी जाहीर असला की नंतर नाती दुखावत नाहीत. पैसे एकाच खात्यात घ्या आणि खर्चाची वही दुसऱ्याच माणसाकडे ठेवा.

टप्पा ५: हॉटेल

सिकंदराबाद घ्या. ४४ क्रमांकाच्या महामार्गाने आपण मेडचल, बोवेनपल्लीकडून उतरतो, तेव्हा सिकंदराबाद आधी लागतं आणि सकाळच्या गर्दीत शहराच्या पोटात शिरावं लागत नाही. शिवाय हॉटेल सिकंदराबाद वेस्ट मेट्रो स्थानकाच्या जवळ असेल तर हिरव्या मार्गिकेने गाडी न बदलता थेट एमजीबीएस (महात्मा गांधी बस स्थानक) हे मेट्रो स्थानक गाठता येतं. जुन्या शहरासाठी तेच सोयीचं.

फोनवर तीन गोष्टी पक्क्या करा.

पहिली, खोली सकाळी मिळणार का. चेक-इन बहुतेक ठिकाणी दुपारी बाराचं असतं. सकाळी पावणेआठला रात्रभर अवघडलेली चाळीस माणसं लॉबीत बॅगांवर बसली आणि आंघोळीला एकही खोली नाही, हे दृश्य दर मोसमात दिसतं. लवकर खोल्या मिळत नसतील तर निदान चार-पाच खोल्या आदल्या रात्रीपासून घ्या आणि आलटून-पालटून वापरा. त्याचे पैसे वर्गणीत आधीच धरा.

दुसरी, मोठी बस कुठे उभी राहील. "पार्किंग आहे" म्हणजे कारचं. बसची उंची आणि लांबी सांगून विचारा. मोठ्या खाजगी बसला दिवसा शहरातल्या कोणत्या रस्त्यांवर मनाई आहे, हेही हॉटेल आणि गाडीवाला दोघांनाही विचारून घ्या.

तिसरी, चालकांसाठी खोली. ही मागणी ऐकून हॉटेलवाल्याला नवल वाटेल, तरी सोडू नका. बंद बसमध्ये दुपारच्या उन्हात झोप लागत नाही. दोन पलंगांची साधी खोली पुरते. अख्ख्या सहलीतला सगळ्यात मोलाचा खर्च हाच.

> तपासा: प्रत्येक प्रौढाच्या ओळखपत्राची प्रत आधीच हॉटेलला पाठवली का? काउंटरवर एकेकाचं आधार काढत बसलं तर तास जातो.

टप्पा ६: निघण्याआधीचा आठवडा

प्रवाशांच्या यादीच्या तीन प्रती काढा: एक चालकाकडे, एक तुमच्याकडे, एक नागपुरात राहणाऱ्या कुणाकडे तरी. टुरिस्ट परमिटच्या गाडीत प्रवाशांची यादी ठेवावीच लागते, तेव्हा हे काम तसंही चुकत नाही.

चाळीस जणांचे पाच गट करा, आठ-आठचे. प्रत्येक गटाला प्रमुख नेमा आणि प्रत्येक माणसाला १ ते ४० मधला कायमचा क्रमांक द्या. गणती नेहमी क्रमांकाने. "सगळे आले का?" असं मोठ्याने विचारलं की सगळे "हो" म्हणतात. जो मागे राहिलेला असतो, तो उत्तर द्यायला तिथे नसतो.

सीटचा तक्ता आधीच लावा. बस लागणारे आणि गुडघेदुखीवाले पुढच्या चाकाच्या मागच्या रांगांत, शेवटची रांग तरुणांना. नवरा-बायकोला वेगळं बसवू नका आणि एकट्या आलेल्या बाईशेजारी तिच्या पसंतीची सोबत द्या. बसमध्ये चढल्यावर जागांचा वाद सोडवणं फार कठीण जातं.

सामान माणशी एक बॅग डिकीत आणि एक छोटी पिशवी हातात. चहासाठी गॅसची शेगडी, छोटा सिलेंडर, स्टोव्ह काहीही बसमध्ये घ्यायचं नाही. "फक्त थांबल्यावर पेटवू" हे कारण ऐकून घेऊ नका. मधल्या बोळात आणि संकटकालीन दारासमोर बॅग ठेवायची नाही.

शुक्रवारी दुपारी गाडीवाल्याला फोन करून एकच गोष्ट विचारा: आज येणारे चालक काल रात्री कुठे होते? सकाळी पुण्याहून गाडी घेऊन आलेला माणूस तुम्हाला नको आहे. संध्याकाळी दोघांशीही स्वतः बोला आणि दोघांच्याही परवान्याचे फोटो मागवा. कधीकधी "दुसरा चालक" म्हणून क्लीनरलाच उभं करतात.

टप्पा ७: शुक्रवारची रात्र

पिकअप तीनपेक्षा जास्त नकोत, आणि तिन्ही गाडीच्या वाटेवर. वर्धा रोडने बाहेर पडायचं आहे, तर शंकरनगर, छत्रपती चौक, चिंचभवन असा सरळ क्रम ठेवा. सक्करदऱ्याची, महालची, मानकापूरची मंडळी यापैकी जवळच्या ठिकाणी यावीत. "आमच्या गल्लीच्या तोंडाशी फक्त दोन मिनिटं" हे तीन जणांनी म्हटलं की एक तास नागपुरातच संपतो. मेट्रोने येणाऱ्यांना छत्रपती चौक स्थानक सोयीचं, मात्र परत जायची शेवटची गाडी लवकर असते, तेव्हा पोचवायला येणाऱ्यांना तसं सांगून ठेवा.

गाडी सुटण्याआधी, दिवे चालू असताना, पाच मिनिटं सगळ्यांना सांगा: संकटकालीन दार कुठे, हातोडी कुठे, ते कसं उघडायचं. पट्टे असतील तर लावायला लावा. विमानात आपण हे निमूट ऐकतो, बसमध्येही ऐकू.

जेवण घरूनच आटपून यावं. सोबत तिखट-मिठाच्या पुऱ्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, चिवडा असं कोरडं खाणं पुरे. रस्सा आणि दही नको. बस लागणाऱ्यांनी गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास घ्यावी, आपल्या डॉक्टरांना विचारून. इन्सुलिन, बीपीच्या गोळ्या हातातल्या पिशवीत. डिकीतल्या बॅगेतलं औषध रात्री दोन वाजता मिळत नाही.

अंताक्षरी, गाणी साडेअकरापर्यंत. त्यानंतर दिवे बंद. चालत्या बसमध्ये बोळात उभं राहून नाच नको, आणि चालकाच्या केबिनमध्ये गप्पांची बैठक नको.

बुटीबोरी, जाम चौरस्ता, हिंगणघाट ओलांडून पहिला मोठा थांबा पांढरकवड्याच्या आसपास घ्या, नागपूरपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर. दुसरा आदिलाबादच्या पुढे, निर्मलच्या परिसरात. तिथे चालकांची अदलाबदल झालीच पाहिजे. थांबा उजेडाचा, वर्दळीचा आणि बायकांसाठी नीट स्वच्छतागृह असलेला हवा. गाडीवाल्याला त्याचे नेहमीचे थांबे विचारून आधीच नावं लिहून ठेवा. रस्त्याकडेला अंधारात गाडी उभी करून पुरुषमंडळी उतरतात आणि बायका सकाळपर्यंत पाणी पीत नाहीत, हे आता तरी थांबायला हवं.

> सावधान: पहाटे दोन ते पाच हा सगळ्यात धोक्याचा वेळ. दोन जबाबदार माणसांनी आळीपाळीने चालकाच्या जवळच्या सीटवर जागं राहायचं. चालक वारंवार जांभया देतोय, खिडकी उघडतोय, तोंडावर हात फिरवतोय, गाडी पांढऱ्या पट्टीकडे सरकतेय, यातलं काहीही दिसलं की पुढच्या पंपावर अर्धा तास थांबा. उशीर झाला तर होऊ द्या.

फोनमध्ये आधीच साठवा: राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३, रुग्णवाहिकेसाठी १०८ (दोन्ही राज्यांत चालतो), इतर आणीबाणीला ११२.

टप्पा ८: शनिवार, बसशिवाय

हॉटेलवर पोचल्यावर साडेअकरापर्यंत कुणालाही बाहेर काढू नका. आंघोळ, इडली-उपमा, दोन तास आडवं पडणं. "वेळ वाया जातोय" म्हणणारे असतातच. संध्याकाळी सात वाजता पाय चालू लागतात ते या दोन तासांमुळे.

दुपारसाठी एकच मोठं ठिकाण. ज्येष्ठ जास्त असतील तर सालारजंग संग्रहालय: सावली आहे, बसायला जागा आहे. मोठ्या पिशव्या बाहेर जमा कराव्या लागतात, म्हणून हात मोकळे ठेवूनच जा. ग्रुप तरुण असेल तर गोवळकोंडा, पण तिथे शेकड्यांनी पायऱ्या आहेत आणि मेट्रो जात नाही, तेव्हा त्याच्यासाठी आदल्या दिवशी स्थानिक मिनीबस ठरवून ठेवा. न चढणाऱ्यांसोबत खाली एक माणूस ठरवून थांबवा. दोन्ही ठिकाणं एकाच दुपारी करायला गेलात तर दोन्हीकडे नुसती धावपळ होते.

सालारजंगसाठी सिकंदराबाद वेस्टहून एमजीबीएस, तिथून रिक्षा. मेट्रोत गटप्रमुख आपापल्या आठ जणांची तिकिटं काढतो आणि एकाच डब्यातून सगळ्यांना नेतो. उतरल्यावर फलाटावरच गणती, बाहेर जाऊन नव्हे.

संध्याकाळी चारमिनार आणि लाड बाजार. इथे माणसं हरवतात, तेव्हा मोकळं सोडण्याआधी भेटण्याची जागा आणि वेळ सांगा, आणि ती जागा सगळ्यांना समोर उभं राहून दाखवा. "चारमिनारखाली भेटू" पुरेसं नाही, चारही बाजूंना गर्दीच असते. कोणत्या दिशेचं, कोणत्या दुकानासमोर, ते ठरवा. ज्येष्ठ आणि मुलांच्या खिशात हॉटेलचं नाव, पत्ता आणि दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी हवी. भाषेची अडचण येत नाही, आपलं नागपुरी हिंदी तिथल्या दख्खनीला छान समजतं. बांगड्यांचा भाव करायला बायकांना भरपूर वेळ द्या, दीड तास तरी.

चारमिनार आणि गोवळकोंडा पुरातत्त्व खात्याकडे आहेत. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, म्हणून त्यांच्या वयाचा पुरावा फोनमध्ये ठेवा.

> तपासा: रात्री साडेनऊला हॉटेलवर क्रमांकाने गणती. चालक झोपले होते का, हे त्यांना स्वतः जाऊन विचारा.

टप्पा ९: रविवार आणि परतीचा रस्ता

सकाळी साडेसातला सामान डिकीत, आठला बस सुटायला हवी. खोल्या सोडताना गटप्रमुखाने पलंगाखाली, न्हाणीघरात आणि चार्जरच्या सॉकेटमध्ये एक नजर टाकावी. चष्मे, कवळ्या आणि चार्जर इथेच राहतात.

रामोजीची तिकिटं आधी काढून ठेवा आणि मोठ्या ग्रुपला सवलत आहे का ते त्याच वेळी विचारा. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, म्हणून दुपारच्या जेवणाचा खर्च वर्गणीत धरा. आतलं चालणं भरपूर आहे. ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी सावलीतली एक जागा सकाळीच ठरवा.

बस पार्किंगला लागल्यावर चालकांच्या जेवणाची सोय करा आणि त्यांना झोपू द्या. मधेच "पिशवी राहिली, डिकी उघडा" म्हणून उठवायचं नाही. लागणारं सगळं सकाळीच बाहेर काढा.

सहाला बाहेर, क्रमांकाने गणती, जेवण हलकं, साडेसातला निघणं. परतीच्या रात्री सगळे दमलेले असतात, जागता पहारा ढिला पडतो. म्हणून शुक्रवारी जागलेल्या दोघांना झोपू द्या, दुसरे दोघं बसवा. चालकांची अदलाबदल पुन्हा निर्मलच्या परिसरात. सोमवारी दहाला ऑफिस गाठायचंय म्हणून गाडी दामटायला सांगणारा कुणी निघाला, तर त्याला आधीच अर्ध्या दिवसाची रजा टाकायला लावा.

नागपुरात उतरायचे थांबे पिकअपच्या उलट क्रमाने. प्रत्येक थांब्यावर उतरणाऱ्यांची नावं यादीवर खोडा आणि डिकीतून सामान मालकाच्याच हातात द्या, कारण झोपेत एकसारख्या काळ्या बॅगा हमखास बदलतात. एकट्या बायकांना घ्यायला कुणी येईपर्यंत किंवा रिक्षा मिळेपर्यंत बस थांबवा.

टप्पा १०: हिशोब

गाडी सोडण्याआधी किलोमीटरच्या आकड्याचा फोटो घ्या. निघतानाही घेतलेला असला पाहिजे. टोलच्या पावत्या किंवा फास्टॅगचा तपशील मागा आणि लिहून घेतलेल्या अटींशी ताडून मगच बाकी रक्कम द्या. चालकांना बक्षीस द्यायचं असेल तर दोघांनाही सारखं, आणि त्यांच्या हातात.

आठवड्याच्या आत सगळा जमाखर्च पावत्यांच्या फोटोंसह ग्रुपवर टाका: जमा किती, बस किती, हॉटेल किती, तिकिटं किती, उरले किती. उरलेले पैसे माणशी भागून त्याच दिवशी परत पाठवा.